ओस पडलेली किनारपट्टी 'पुन्हा भरवू' म्हणणाऱ्या उमेदवाराला मत द्यावं का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या किनारपट्टीच्या मतदारसंघात उजव्या पक्षाचा एक उमेदवार 'ओस पडलेली गावं पुन्हा भरवू' या एकाच मुद्द्यावर फिरतोय, तर असं गाव खरंच सावरतं का आणि मतदारानं त्याच्यात काय बघावं. पुढं तुम्ही असंही लिहिलंय की 'बाहेरून आलेल्या नोकरदारांनी गावाची वाट लावली' असं तो सभेत बोलतो. या शेवटच्या वाक्यामुळं मी लिहायला बसलो.

माझा जन्म सांगोला तालुक्यातला, आता राहतो जुळे सोलापुरात. २००४ साली महिना तीन हजार रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून सिंधुदुर्गातल्या समुद्रकाठच्या एका वाडीवर रुजू झालो आणि २०१८ साली आंतरजिल्हा बदली घेऊन परत आलो. कोकणात ज्याला 'घाटावरचे मास्तर' म्हणतात, तो मी. अजून नोकरीत आहे, त्यामुळं कुठल्या पक्षाला मत द्या हे सांगणार नाही. बाकी सगळं स्पष्ट सांगतो.

गाव सावरतं. पण आजवर ज्या गोष्टी दाखवून मतं मागितली गेली त्यांनी सावरलं नाही. त्या भागातून लोकसभेवर नाथ पै निवडून गेले, मग १९७१ पासून सलग पाच वेळा मधू दंडवते. समाजवाद्यांचा बालेकिल्ला होता तो. १९९६ साली शिवसेनेचे सुरेश प्रभू आले आणि तिथून वारं फिरलं. २०२४ ला भाजपचे नारायण राणे सुमारे ४८ हजार मतांनी जिंकले. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण झाली. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ २०२१ ला सुरू झाला. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय. आणि माणसं? २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाख शहाण्णव हजारांवरून सोळा लाख पंधरा हजारांवर आली, सिंधुदुर्गाची आठ लाख अडुसष्ट हजारांवरून आठ लाख एकोणपन्नास हजारांवर. त्याच दहा वर्षांत आमचा सोलापूर जिल्हा साडेअडतीस लाखांवरून त्रेचाळीस लाखांवर गेला, आणि पाऊस आमच्याकडं कोकणाच्या पाचवा हिस्सासुद्धा पडत नाही. रेल्वे आली तशी पोरं रेल्वेनं गेली. मी स्वतः त्यांना स्टेशनवर सोडायला गेलोय.

आता ती रात्र सांगतो. फेब्रुवारी २०१७, जिल्हा परिषदेची निवडणूक. सरकारी नोकराला प्रचारसभेला जाता येत नाही, पण सभा भरली ती मी भाड्यानं राहत होतो त्याच घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात. मी आत पडवीत पोषण आहाराची नोंदवही लिहीत बसलो होतो. खळ्यात चाळीसेक माणसं, त्यात निम्म्याहून जास्त बायका, बाकी म्हातारे. तरुण म्हणाल तर चौघे, त्यातले दोघे उमेदवाराच्या गाडीतून आलेले.

उमेदवार माणूस चांगला होता. गावऱ्हाटी, म्हणजे गावाची जुनी रीत, जपू, देवळाचा मान राखू, पालखी मोडू देणार नाही, मुंबईला गेलेला मुलगा परत आणू असं तळमळीनं बोलला. कारखाना येईल, बंदर होईल, रिसॉर्ट होतील. टाळ्या पडल्या. मग माझी घरमालकीण, मी तिला काकी म्हणायचो, खांबाला टेकून बसली होती ती बोलली. "माझ्या झिलाक हयच घर बांधूचा आसा. सातबाऱ्यार सदतीस नावां आसत, त्यातले अकरा मेलेले. मेलेल्याची सही मी खंयसून आणू?" झिलाक म्हणजे मुलाला, खंयसून म्हणजे कुठून.

उमेदवाराला उत्तर सुचलं नाही. 'बघतो' म्हणाला. तेवढ्यात त्याचा एक कार्यकर्ता उठला आणि विषय फिरवावा म्हणून की काय, पडवीकडं हात करून म्हणाला, गावं ओस पडली ती या घाटावरच्या मास्तरांमुळं. इथं येऊन पगार खातात, बदली घेऊन पळतात, शेजारच्या वाडीची शाळा त्यांनीच बंद पाडली. लोक माझ्याकडं बघायला लागले. काकीनं मान खाली घातली. मी नोंदवही मिटली, पण बोललो काही नाही. आचारसंहिता होती. नसती तरी, चाळीस माणसांसमोर परक्या गावात भाड्याच्या घरातून काय बोलणार?

शेजारच्या वाडीची शाळा बंद पडली ती मुलं नव्हती म्हणून. मुलं नव्हती कारण लग्न झालेली जोडपी राहत नव्हती. आणि ती राहत नव्हती कारण त्यांना स्वतःच्या नावावर चार गुंठेसुद्धा मिळत नव्हते. मी रुजू झालो तेव्हा माझ्या शाळेत एकतीस मुलं होती. निघालो तेव्हा सहा, त्यातली दोन आंब्याच्या बागेत राखण करणाऱ्या नेपाळ्याची. मास्तर शाळेतून गेला तर मुलगा कमी होत नाही. बाप वाडीतून गेला की होतो.

आमच्याकडं सोलापुरात वाटणीची भांडणं कमी नाहीत, बांधावरून डोकी फुटतात. पण कुणाचा गट किती, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली तेव्हा माझ्या वडिलांनी डाळिंब लावलं. सातबारा त्यांच्या एकट्याचा होता, म्हणून अर्ज झाला, अनुदान तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं मिळालं, आणि त्याच बागेवर मी डी.एड. झालो. तीच योजना कोकणातही होती. आंब्या-काजूच्या बागा तिथंही उठल्या, पण मी राहिलो त्या वाडीत तरी ज्यांचा सातबारा स्वतंत्र त्यांच्याच. सामायिक जमिनीचं कातळ तसंच राहिलं. कारण अर्जाला सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं, आणि हिस्सेदार एक लालबागला, एक नालासोपाऱ्याला, एक बडोद्याला.

त्या सभेनंतर मी ठरवलं की काकीच्या सह्या मी गोळा करणार. खरं सांगायचं तर त्या कार्यकर्त्याला दाखवायचं होतं. अकरा मेलेल्यांचे वारस धरल्यावर सदतीसची यादी चौसष्टवर गेली. शाळेच्या जुन्या दाखल खारिज रजिस्टरात त्या घराण्यातली नावं सापडत गेली, कुणाचा मुलगा कोण, कोण कुठल्या साली शाळा सोडून मुंबईला गेला. रविवारी रविवारी फोन केले. २०१७ च्या गणपतीत, ऑगस्टच्या अखेरीस, सगळे चाकरमानी आले आणि मी कागद घेऊन घरोघर फिरलो. पाच दिवसांत एकेचाळीस सह्या झाल्या. कुणी चहा पाजून सही केली, कुणी तीन वेळा कागद वाचायला लावला. दोन चुलतभाऊ विहिरीजवळच्या आंब्यावरून अडले, कलम कुणाच्या बापानं बांधलं यावरून. घराण्यातला सगळ्यात मोठा माणूस मात्र म्हणाला, "गुरुजी, जमीन फोडली की घराणं फुटतं." आणि त्यानं सही केली नाही. त्यानं केली असती तर मागचे पंधरा जण डोळे मिटून करणार होते.

गौरी-गणपती गेले, गाड्या सुटल्या, वाडी रिकामी झाली. कचेरी उघडली तेव्हा सही करणारं कुणी गावात नव्हतं, आणि माणसं होती तेव्हा कचेरीला सुट्टी होती. माझी बदली पुढच्या मे महिन्यात झाली. फाइल मी काकीच्या हातात दिली. तिचा मुलगा आता विरारला आहे.

म्हणून तुमच्या उमेदवाराबद्दल माझं मत सांगतो. जमीन वाटून घ्यायला लावायचं हे काम डाव्या-पुरोगामी माणसाला जमणार नाही. तो सांगायला गेला की वडीलधारे म्हणतील, हा घर फोडायला आलाय. परंपरा मानणारा, पालखीला खांदा देणारा, मानकऱ्यांच्या ओटीवर बसणारा उमेदवारच त्या म्हाताऱ्याला म्हणू शकतो की जमीन वाटल्यानं घराणं फुटत नाही, ती न वाटल्यानं घराणं मुंबईला जातं. तुमचा उमेदवार जुनं जपणारा असेल तर ही त्याची ताकद आहे, आणि बहुतेक जण ती देवळाच्या कमानीवर खर्च करून टाकतात.

त्याला विचारा, गणपतीच्या त्या पाच दिवसांत तलाठी, मंडळ अधिकारी आणि नायब तहसीलदाराला वाडीवर बसवणार का? सुट्टीच्या दिवशी त्यांना बोलवायचं तर आमदार-खासदाराचाच शब्द लागतो, आम्हा मास्तरांचा चालत नाही. पावसात मोजणी होत नाही, म्हणून गणपतीत सह्या आणि मे महिन्यात मोजणी, तेव्हाही चाकरमानी आलेले असतात. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सहमतीनं वाटप करायची सोय आधीपासून आहे, नवा कायदा लागत नाही. २०२५ साली राज्यानं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मयतांची नावं काढून वारस लावायची. मोहीम चांगली आहे. पण वारस लागणं म्हणजे वाटप होणं नव्हे. कोकणात नुसते वारस लावले तर सदतीसचे चौसष्ट होतात, पुढचं पाऊल टाकलं नाही तर पुढच्या पिढीत दीडशे.

त्यानं स्वतःच्या घरचा सातबारा वाटून घेतलाय का, हेही विचारा.

प्रकल्पांवरून तिथल्या निवडणुका लढल्या जातात, जैतापूरचा अणुप्रकल्प झाला, नाणारची रिफायनरी झाली, मग बारसूची. बाजूनं असो वा विरोधात, दोन्हीकडचे पुढारी गाजतात आणि काकीचा प्रश्न खळ्यातच राहतो. तुमचा उमेदवार प्रकल्पावर जेवढं बोलतो त्याच्या निम्मं जरी माकडांवर आणि सातबाऱ्यावर बोलला तरी मी त्याला गंभीर समजेन. माकडांचं हसण्यावारी नेऊ नका. परसातली भाजी आणि झाडावरची शहाळी जिथं हाताला लागत नाहीत तिथं सून राहत नाही.

आता काही गोष्टी कबूल करतो. मी एका वाडीवर राहिलो, सगळं कोकण मी बघितलेलं नाही. मासेमारांचे प्रश्न वेगळे आहेत, पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या नौकांनी किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या छोट्या रापणकरांचं जे केलं त्याला सातबारा हे उत्तर नाही. जमीन वाटली की ती दलालाला विकली जाण्याची भीती आहे, तीही खरी, त्या म्हाताऱ्याच्या मनात कदाचित तीच होती आणि मी तेव्हा नीट ऐकून घेतली नाही. जनगणनेचे आकडे २०११ चे आहेत, त्यानंतर काही घरं परत आलीही असतील. आणि त्या कार्यकर्त्याचं एक वाक्य खोटं नव्हतं. मी बदली घेतली. सांगोल्यात आई अंथरुणाला खिळली होती म्हणून घेतली, तरी माझी जागा आठ महिने रिकामी राहिली आणि ती सहा मुलं तेवढे दिवस एकाच शिक्षकाकडं बसली. त्याचं ओझं माझ्यावर आहे. पण पंचवीस मुलं त्याआधीच गेली होती, आणि ती माझ्यामुळं गेली नव्हती. हे मला त्या रात्री म्हणायचं होतं.

उमेदवार काय करेल ते करेल, तुमच्या घरची यादी तुम्ही आजच करायला घ्या. गणपतीला सगळे येतील तेव्हा हातात असू द्या. जे गेलेत त्यांच्या नावापुढं मृत्यूची तारीख लिहा आणि दाखला कुठल्या गावात किंवा कुठल्या वॉर्डात मिळेल तेही लिहा. वारस लावताना तलाठी आधी तोच मागतो, आणि मुंबईत वारलेल्यांचे दाखले काढायलाच सगळ्यात जास्त दिवस जातात.