कौतुकाची कमेंट आणि नावाला चिकटलेली लिंक

प्रश्न : ताई, मी वर्डप्रेसवर ब्लॉग लिहिते. ‘खूप उपयुक्त माहिती, असंच लिहीत राहा’ टाइपच्या कमेंट्स येत होत्या, मी आनंदाने अप्रूव्ह करत गेले, आणि परवा एका वाचकाने कळवलं की त्यातल्या एका नावावर क्लिक केलं तर जुगाराची साइट उघडते. कमेंट्समधल्या लिंकना नोफॉलो (म्हणजे ही लिंक शिफारस म्हणून मोजू नका, अशी सर्च इंजिनसाठीची खूण) असतो म्हणतात, मग यांना मिळतं तरी काय? कमेंट्सच बंद करून टाकू का?

उत्तर : बंद अजिबात करू नका, मनापासून वाचून दोन ओळी लिहिणारे वाचक त्यात जातील आणि स्पॅमवाल्याचं काहीच बिघडणार नाही.

आधी ती कमेंट परत वाचा. तुमच्या लेखातला एकही शब्द त्यात नाही, कवितेखालीही चालेल आणि प्रवासवर्णनाखालीही. खरा वाचक कुठेतरी बोट ठेवतो, ‘शेवटचा मुद्दा पटला नाही’ म्हणतो. इथे मजकूर नुसतं आमिष, माल नावामागे, कारण फॉर्ममधल्या वेबसाइटच्या रकान्यात टाकलेला पत्ता त्या नावालाच लिंक होऊन चिकटतो. शिवाय वर्डप्रेस आधी एकदा अप्रूव्ह झालेल्या माणसाची पुढची कमेंट सहसा थेट छापतं, म्हणजे ते कौतुक आत शिरायचा पास असतो, खरा कचरा नंतर येतो. मला याचाच जास्त राग येतो, लिहिणाऱ्याच्या आनंदाचा असा वापर!

आता नोफॉलो. सर्च इंजिन लिंकला शिफारस समजतं म्हणून हा धंदा सुरू झाला. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएनने नोफॉलोला पाठिंबा दिला, कमेंटमधल्या लिंकना वर्डप्रेस तो आपोआप लावतं. पण बॉट, म्हणजे आपोआप कमेंट टाकणारा प्रोग्राम, ते बघत बसत नाही, हजारो ठिकाणी एकदम टाकत सुटतो, खर्च जवळपास शून्य, आणि कुणी क्लिक केलंच तर त्याचा फायदाच. त्यात २०१९ मध्ये गूगलनेच जाहीर केलं की नोफॉलो म्हणजे आता आदेश नाही, नुसता संकेत.

लिंक तपासायला क्लिक करू नका, माउस नावावर नुसता न्या, पत्ता खाली दिसेल. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली रेघ शोधा आणि तिथून उलटं वाचा. ‘बँक डॉट कॉम डॉट एक्झाम्पल डॉट ऑर्ग’ ही बँक नाहीच, साइट आहे एक्झाम्पल डॉट ऑर्ग, पुढचं ‘बँक’ कुणीही लावू शकतं. त्या रेघेच्या आधी ॲटचं चिन्ह असेल तर खरी साइट त्या चिन्हाच्या नंतरची. रशियन अक्षरंही वापरतात, इंग्रजी ‘ए’सारखंच दिसणारं अक्षर त्या लिपीत आहे, डोळ्यांना फरक कळत नाही.

अशा कमेंट्स ट्रॅशमध्ये टाकू नका, ‘स्पॅम’ करा, अकिस्मेट हे स्पॅम गाळणारं प्लगइन असेल तर ते त्यातून शिकतं. डिस्कशन सेटिंगमध्ये किती लिंक असल्या की कमेंट अडवायची तो आकडा २ असतो, तो १ करा, जुन्या लेखांवरच्या कमेंट्स आपोआप बंद होतील असंही ठेवा. मग एक दिवस काढून जुन्या अप्रूव्ह केलेल्या नावांमागचे पत्ते बघा, चांगल्या वाचकांचेसुद्धा, कारण सोडून दिलेलं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कुणीही विकत घेतं. कमेंट ठेवायची, एडिटमध्ये जाऊन फक्त पत्ता काढायचा.

आणि ज्या वाचकाने कळवलं त्याला आजच मेल करा, त्या साइटवर कुठला पासवर्ड टाकला होता का विचारा, टाकला असेल तर लगेच बदलायला सांगा.