तुटलेल्या हत्यारांची मोड : धातू किती परत द्यावा?

आपण ‘व्हिंटेज स्टोरी’ या संगणक-खेळासाठी लिहीत असलेल्या मॉडमध्ये, म्हणजे खेळाचे नियम बदलणाऱ्या जोडणीत, हत्यार तुटल्यावर निम्मा धातू परत मिळतो आणि चाचणी खेळणाऱ्यांनी खाणीत उतरणेच सोडून दिले आहे, अशी आपली अडचण आहे. ‘निम्मा’ हा आकडा माफक वाटतो खरा. परंतु परत आलेल्या धातूचेही पुन्हा हत्यार होते आणि तेही तुटल्यावर आपला निम्मा वाटा देते, हे हिशेबात धरले तर एका लगडीतून अखेरीस दोन हत्यारांइतके काम निघते. परतावा 80 टक्के ठेवला तर पाच हत्यारांइतके आणि 90 टक्के ठेवला तर दहा हत्यारांइतके. प्रत्येक दहा टक्क्यांची किंमत सारखी नसते, ही गोष्ट बहुतेक मॉडकारांच्या उशिरा ध्यानात येते, माझ्याही आली.

‘माइनक्राफ्ट’ या दुसऱ्या खेळाचा आकडा मात्र उचलू नका. तिथे लोखंडी टिकावाला तीन लगडी, म्हणजे 27 नगेट (लगडीच्या नवव्या हिश्श्याचे तुकडे) लागतात आणि तो भट्टीत घातल्यावर एकच नगेट मिळते. आठ लगडींच्या छातीच्या चिलखतालाही तेवढेच. शिवाय तुटलेले हत्यार तिथे नाहीसेच होते, म्हणून ते तुटण्यापूर्वी वितळवावे लागते. ती सोय मुख्यतः राक्षसांकडून मिळालेल्या भंगाराची विल्हेवाट लावण्यासाठी उपयोगी पडते.

माझ्या मते सर्व धातूंना एकच टक्केवारी लावणे हीच आपली मूळ चूक आहे. कथिली कांस्यात, म्हणजे तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूत, 8 ते 12 टक्के कथील असते आणि खेळाडूची खरी ओढाताण त्या कथिलासाठीच होते. कांस्याचे हत्यार कांस्य म्हणूनच परत दिले, तर तांब्याबरोबर आपण नकळत कथीलही वाटत असता. म्हणून मी तांब्याला 40 आणि कांस्याला 25 टक्के ठेवतो. तांब्याची मोड घालताना दुकानदार घट कापतो, तसाच हा प्रकार आहे आणि खेळाडू त्यावर कुरकुर करत नाहीत. लोखंडाला मी 20 टक्के ठेवतो, कारण प्रत्यक्षातही लोहाराच्या भट्टीत दर तापवणीला लोखंडावरचा थर खवल्यांच्या रूपाने झडत असतो. मात्र ‘व्हिंटेज स्टोरी’त लोखंड मुशीत वितळवून ओतता येत नाही, तेव्हा त्याचे तुकडे कुठल्या वाटेने पुन्हा लगडीत जातील, हे आधी ठरवा.

धातू वितळवण्यासाठी वेगळा इंधनखर्च लावण्याची गरज नाही. तांबे 1084 अंशांवर वितळते, नुसत्या सरपणाने तेवढी आच मिळत नाही, त्यामुळे कोळसा जाळावाच लागतो.

राहिला पूर्णांकाचा प्रश्न. लगड 100 युनिटांची आणि सर्वांत लहान तुकडा 5 युनिटांचा असल्यामुळे 33 युनिटांचा परतावा निघाला तर 30 द्या, 35 कधीही देऊ नका. लहान हत्यारांवर वरचे दोन युनिट शंभरदा मिळवणारा खेळाडू पहिल्याच आठवड्यात सापडतो.