गिटारवर चाळीस लिक (सोलोत वापरायचे छोटे तयार सुरांचे तुकडे) पाठ आहेत, पण सोलो वाजवायची वेळ आली की एकही आठवत नाही. काय करू?

चाळिसातले सदतीस बाजूला ठेवा. गंमत करत नाहीये. तुम्ही लिहिलंय की ए मायनर पेंटाटॉनिकचा, म्हणजे पाच सुरांच्या स्केलचा, पाचव्या फ्रेटचा बॉक्स (मानेवरच्या त्या सुरांच्या जागांचा साचा) हाताखाली बसलाय, पण बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) लागला की लिक एकामागून एक डकवल्यासारखे वाटतात. माझंही तसंच व्हायचं. कॉलेजच्या गॅदरिंगला ड्रमरने लय चढवली, मी तिसऱ्याच लिकला घसरलो आणि उरलेला सोलो एकच सूर खेचत कसाबसा काढला. टाळ्या पडल्या त्या नेमक्या तिथेच.

एकच लिक घ्या. तिसऱ्या तारेवर (सगळ्यात बारीक तार पहिली) सातवा फ्रेट पूर्ण स्वर, म्हणजे दोन फ्रेटइतका, वर खेचा, मग दुसरी तार पाचवा, पहिली तार पाचवा. परत फिरताना दुसरीवर आठ, पाच. तिसरीवर सात, पाच. आणि चौथी तार सातवा फ्रेट, म्हणजे घरचा ए, इथला सा. एकूण आठ सूर. रॉक आणि ब्लूजमध्ये हा घाट इतक्या जणांनी वाजवलाय की तुम्ही तो नक्की ऐकलेला असणार.

आधी बेंड, म्हणजे तार खेचून सूर चढवणं. बहुतेकांचा सोलो इथेच बेसूर होतो आणि खापर लिकवर फुटतं. दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवा, तो ई. सातव्या फ्रेटवरचा डी खेचून तुम्हाला बरोबर त्या ई पर्यंत जायचंय. अनामिकेने खेचा, पण मधलं बोट आणि तर्जनी तिच्या मागे त्याच तारेवर टेकवा, अंगठा मानेवरून वर येऊ द्या आणि जोर मनगटातून येऊ द्या. दोन्ही सूर आलटून पालटून वाजवून जुळवा. अकूस्टिकवर तिसरी तार बहुधा वेटोळ्याची (वर बारीक तार गुंडाळलेली) असते, ती एवढी खेचली जात नाही; तिथे सातवरून नवव्या फ्रेटवर सरळ स्लाइड करा.

आता मुख्य गोष्ट. लिकचा शेवटचा सूर कुठल्या कॉर्डवर (साथीला एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटावर) पडतो, ते बघा. ए मधला बारा बारचा ब्लूज लावा (एक बार म्हणजे चार ठोके): चार बार ए७, दोन डी७, दोन ए७, मग ई७, डी७, ए७, ई७ एकेक बार. डी७ वर उतरताना शेवटी ए पर्यंत न जाता तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर, डी वरच थांबा. ए७ वर यायचं असेल तर शेवटी तिसऱ्या तारेवर पाचवरून सहावर हॅमर करा, म्हणजे तार पुन्हा न छेडता बोट आपटून सूर काढा. तो सी शार्प बॉक्समध्ये नाही, पण कॉर्डमध्ये आहे, म्हणून एकदम गोड लागतो. ई७ वर चौथ्या तारेचा सहावा फ्रेट, जी शार्प. सुरुवात तीच, शेपूट वेगळं. एका लिकचे तीन झाले.

तबल्याबरोबर गाणारे तान घेताना सम डोक्यात ठेवतात, तसंच इथे. आधी उतरायची जागा ठरवा, मग मागे मोजून सुरुवात करा. हाच लिक पहिल्या ठोक्याऐवजी दुसऱ्यावर सुरू केला तर ऐकणाऱ्याला तो वेगळाच वाटतो. (जाता जाता: पेंटाटॉनिक मायनरला कुणी मालकंस म्हटलं तर सोडून द्या. सा पासून मोजलं तर ते सूर धानी रागाचे आहेत.)

आणि गप्प राहायला शिका. ब्लूजवाला बी. बी. किंग गाताना गिटार थांबवायचा, ओळ संपली की गिटार उत्तर द्यायची. सवाल-जवाबच तो. दोन बार तोंडाने काहीही गुणगुणा, पुढच्या दोन बारमध्ये लिक वाजवा. गुणगुणताना श्वास घ्यावाच लागतो, त्यामुळे रिकामी जागा आपोआप पडते.

ट्रॅक सावकाश लावा, मिनिटाला साठ-सत्तर ठोक्यांच्या लयीत. मला एकेका लिकला दोनेक आठवडे लागले होते, रोज वीस मिनिटं. पहिले चार दिवस तर बेंडमध्येच गेले.