चढावर दम तोडणारी डर्ट बाइक

प्रश्न : मुलीच्या 110 सीसी फोर-स्ट्रोक डर्ट बाइकला पुढे 14 आणि मागे 37 दातांचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) आहे. दुसऱ्या गिअरमध्ये ती चढावर दम तोडते. काय बदलावे? एअर फिल्टर काढून टाकल्यास ताकद वाढेल का?

उत्तर : प्रथम पुढे 13 दातांचे स्प्रॉकेट बसवून पाहावे. त्यामुळे मागच्या आणि पुढच्या दातांचे गुणोत्तर 2.64 वरून 2.85 होते, म्हणजेच मागे तीन दात वाढवल्याइतका परिणाम बऱ्याच कमी खर्चात मिळतो. प्रत्येक गिअरमधील ओढ सुमारे आठ टक्क्यांनी वाढते आणि कमाल वेग साधारण सात टक्क्यांनी घटतो, जो मातीच्या ट्रॅकवर क्वचितच लागतो. याहून लहान स्प्रॉकेटवर चेनला फार तीव्र वळण घ्यावे लागून झीज वाढते, तेव्हा आणखी ओढ हवी असल्यास मागचे बदलावे. जुनी, ताणलेली चेन मात्र नव्या दातांवर चढवू नये.

फिल्टर मुळीच काढू नये. धूळ पिस्टन आणि सिलिंडर खाऊन टाकते. मोकळा सायलेन्सर बसवल्यास कार्ब्युरेटरचा मेन जेटही (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) बहुधा वाढवावा लागतो, अन्यथा पेट्रोल कमी पडून इंजिन तापते. जोरात चालवल्यानंतर स्पार्क प्लग पांढराफटक दिसला तर जेट लहान पडतो आहे, काजळी धरली तर मोठा.