गेममध्ये लोकांना लुटतो, म्हणजे पोरगं हाताबाहेर गेलं का?

गेमिंगवरून जे आईवडील माझ्याकडे येतात त्यातले बहुतेक तासांची तक्रार घेऊन येतात, किती वेळ खेळतो, जेवायला उठत नाही, डोळे लाल होतात वगैरे. पण हल्ली एक वेगळी काळजी ऐकू यायला लागलीय आणि ती सांगताना लोक आवाज खाली करतात. "मॅडम, आमचा मुलगा गेममध्ये फार वाईट वागतो हो. फसवतो, शिव्या घालतो, समोरचा रडकुंडीला आला की हसतो. घरात एवढा गरीब, मग ह्यातला खरा कुठला?"

देवगड तालुक्यातल्या एका आईचा अगदी हाच प्रश्न होता. (तपशील बदललेत, आणि त्या घराला विचारूनच लिहितेय.) मुलगा वीसच्या आतबाहेर, बीएस्सी आयटीला, मितभाषी, आंब्याच्या सीझनला वडिलांबरोबर पेट्या भरायला न सांगता उभा राहणारा. एका रात्री ताई पाणी प्यायला उठल्या तर ह्याच्या खोलीतून हसण्याचा आवाज, हेडफोन लावलेला, आणि अर्ध्या हिंदीत अर्ध्या इंग्लिशमध्ये चाललेलं, सगळं साफ केलं त्याचं, आता रडतोय बघ. ताईंनी सकाळी उठून पहिलं काय केलं असेल तर बँकेत जाऊन घरातली सगळी पासबुकं भरून आणली. पैसे जागच्या जागी होते. पण त्याने समाधान होईना, कारण आपले नाही तर दुसऱ्या कोणाचे तरी घेतलेच असतील ना, असं त्यांच्या डोक्यात बसलं.

मुलगा आला तो हेल्मेट मांडीवर घेऊन खुर्चीच्या टोकाला बसला आणि पहिलंच वाक्य, "मी अॅडिक्ट नाहीये." बरोबर होतं त्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर हा आजार आयसीडी-११ मध्ये घेतलाय, २०२२ पासून तो लागू आहे, पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याआधी गेम येणं आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणं हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं. ह्याचं कॉलेज नीट, विषय सुटलेले, सीझनला आठ-आठ दिवस कॉम्प्युटरला हात नाही. घरचे म्हणतात म्हणून मी कोणाला अॅडिक्ट म्हणत नाही. झोप मात्र गेलेली होती, डोळ्याखाली दिसत होतं, आणि ते काही खेळण्याच्या तासांमुळे नव्हतं.

मग मी त्याला म्हटलं, गेम समजावून सांग. ही माझी नेहमीची सुरुवात, पोरं उपदेशाच्या तयारीत आलेली असतात आणि त्यांना एकदम मास्तर केलं की जरा सैल होतात.

गेमचं नाव ईव्ह ऑनलाइन. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा, २००३ पासून चालू. अंतराळातली जहाजं, खाणी, व्यापार, युद्ध, आणि जगभरचे खेळाडू एकाच विश्वात (चीनचा सर्व्हर वेगळा). सर्व्हर रोज आपल्याकडच्या दुपारी साडेचारला थोडा वेळ बंद होतो, आणि ताईंनी मला आधीच सांगितलं होतं की हा न चुकता साडेचारला चहा प्यायला बाहेर येतो, त्यांना वाटायचं आईसाठी येतो. जहाज फुटलं की गेलं, परत मिळत नाही. गेममधली एक वस्तू खऱ्या पैशाने घेऊन आत विकता येते, त्यामुळे प्रत्येक जहाजाची रुपयांतली किंमत काढता येते. जानेवारी २०१४ मध्ये एका भागाच्या ताब्याचं बिल वेळेत भरलं गेलं नाही म्हणून लढाई पेटली, त्यात सगळ्यात मोठी अशी ७५ जहाजं गेली, हिशोब लावला तर तीन लाख डॉलरच्या वर. हे सांगताना त्याचे डोळे चमकत होते, आणि खरं सांगायचं तर मी पण पुढे सरकून ऐकत होते.

मुख्य गोष्ट ही की ह्या गेममध्ये फसवणूक चालते. म्हणजे लपूनछपून नाही, नियमात बसते. खोटं बोलून विक्री करा, दुसऱ्याच्या कंपनीत (गेममध्ये खेळाडूंनी केलेल्या गटाला कंपनी म्हणतात) हेर म्हणून शिरा, तिजोरी रिकामी करा, सीसीपी मध्ये पडत नाही. २००५ साली एका टोळीने वर्षभर माणसं पेरून एका कंपनीची सगळी मालमत्ता एका दिवसात उचलली, तेव्हा तिची किंमत साडेसोळा हजार डॉलर सांगितली गेली, कोणावर कारवाई नाही. पण बंधनं आहेत, नवख्यांच्या सुरुवातीच्या भागात नवख्यांना लुबाडायचं नाही, गेमचा पैसा बाहेर रोखीत विकायचा नाही, आणि खऱ्या माणसाच्या खऱ्या आयुष्याला हात लावायचा नाही.

ह्याने काय केलं होतं? एका छोट्या कंपनीत साधा भोळा नवखा बनून शिरला. चार-पाच महिने खाणकाम केलं, माल वाहिला, विश्वास कमावला, हळूहळू गोदामाचे अधिकार मिळाले, आणि एका रात्री सगळं भरून जिताला, म्हणजे तिथल्या मोठ्या बाजारपेठेला, नेऊन विकलं. कंपनीचा म्होरक्या युरोपातला कोणी ट्रक चालवणारा माणूस, ह्याच्या वडिलांच्या वयाचा. तो ह्याला रात्र रात्र बसून शिकवायचा, घरच्या गोष्टी बोलायचा, बायको आजारी असते हे पण बोलला होता.

चोरीनंतर त्याचा मेसेज आला. शिव्या येणार ह्या तयारीत ह्याने उघडला. मुलाने मोबाईल काढून मला दाखवला, दोन ओळी होत्या, त्यांचा अर्थ एवढाच की तू ठीक आहेस ना, तुझं अकाउंट कोणीतरी हॅक केलंय, लवकर पासवर्ड बदल.

त्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं की हे ह्याने केलं असेल.

आणि आईने ऐकलेलं हसणं ते ह्याच्या नंतरचं. हा ज्या टोळीचा हेर होता तिच्यातल्या पोरांनी त्या माणसाला व्हॉइस चॅटवर बोलावलं, माल परत देतो, त्याबदल्यात आम्ही सांगू ते कर. गाणं म्हण, माफी माग, बायकोबद्दल बोल. हे सगळं रेकॉर्ड केलं. हा त्या माणसाशी एक शब्द बोलला नाही पण लाइनवर होता आणि बाकीच्यांबरोबर हसला. माल द्यायचा कोणाचा विचारच नव्हता.

"मॅडम, चोरीचं मला काही वाटत नाही," तो म्हणाला, "ती गेममध्ये आहे, त्याला पण माहितीय." मी विचारलं, मग झोप कशाने गेली? बराच वेळ हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत बसला आणि म्हणाला, "तो खरंच गाणं म्हणाला."

आता माझं मत सांगते, कारण आईवडिलांना तेच हवं असतं. गेममध्ये क्रूर वागतो म्हणून मुलगा आतून क्रूर आहे असा सरळ हिशोब लागत नाही. ज्या खेळाचे नियम सगळ्यांनी मान्य करून आत पाऊल टाकलंय त्यात डाव टाकणं हा खेळ आहे, आणि उलट मी तर म्हणेन, जिथे फसवता येतच नाही तिथे विश्वास ठेवायला काय लागतं? ईव्हसारख्या गेममध्ये लोक वर्षानुवर्षं टिकतात, मैत्र्या करतात, ते त्यामुळेच, तिथे कोणी तुमच्याशी सरळ वागला तर त्याला किंमत असते. बघायचं ते एवढंच की वार पात्रावर होतोय की त्यामागच्या माणसावर. जहाज गेलं ते पात्राचं गेलं. गाणं म्हणाला तो माणूस.

ही रेघ मी मनाने काढलेली नाही. २०१२ मध्ये ह्याच गेमच्या रिक्याविकच्या वार्षिक मेळाव्यात एका बलाढ्य टोळीच्या नेत्याने दारूच्या नशेत स्टेजवरून एका खेळाडूची टर उडवली, ज्याने आत्महत्येचं बोलून दाखवलं होतं, आणि ह्याला अजून छळा असं लोकांना सांगितलं. नंतर त्याने माफी मागितली, पण सीसीपीने त्याला ३० दिवस बॅन केलं आणि खेळाडूंच्या निवडून आलेल्या मंडळाचं अध्यक्षपदही गेलं. हाच माणूस हेरगिरीसाठी गाजलेला होता आणि त्या हेरगिरीला कोणी बोट लावलं नव्हतं. मी हे मुलाला सांगायला गेले तर त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, म्हणजे रेघ कुठे आहे ते त्याला पाठ होतं.

मग पाठ असून हसला कसा? ह्याला उत्तर आहे. जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये लिहिलं की ऑनलाइन माणसाचा बांध सुटतो, समोरचा दिसत नाही, त्याची नजर दिसत नाही, आणि हे सगळं खोट्या जगातलं आहे असं वाटत राहतं. अल्बर्ट बांडुरांनी त्याच्या खूप आधीपासून मांडलंय की चांगली माणसंसुद्धा आपली सदसद्विवेकबुद्धी तात्पुरती बंद करतात, गोंडस शब्द वापरून, जबाबदारी घोळक्यावर टाकून, आणि ज्याचं वाईट केलं त्यालाच दोष देऊन. ह्या पोरांच्या भाषेत बघा, छळणं म्हणायचं नाही, टिअर्स, म्हणजे अश्रू, गोळा करणं म्हणायचं. साधं खेळणारा म्हणजे केअरबेअर, म्हणजे त्याला लुटलं तर चूक त्याचीच. आणि मी कुठे बोललो, मी तर नुसता लाइनवर होतो. तिन्ही गोष्टी त्या एका रात्रीत होत्या.

पुढच्या वेळी वडील पण आले, नुकता शिमगा झाला होता. मला भीती होती की हे आता पोराला चोर म्हणणार आणि सगळं मुसळ केरात. पण ते सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "आमीव शिमग्याक लाकडा चोरलेली आसत ओ मॅडम. कोणाचो वासो, कोणाचा कुंपण. पण एकट्या म्हातारेच्या मांगरातलां सरपण कोणी उचलूक नाय कधी. आणि चोरून झाल्यार तेंच्या दारात जावन हसाक तर नायच." होळीची लाकडं चोरणं सगळ्या वाडीला मान्य असतं, मालक दुसऱ्या दिवशी शिव्या घालतो आणि त्या पण मान्य असतात. मुलगा पहिल्यांदाच वडिलांकडे बघून हसला. माझ्या सुलर-बांडुरांपेक्षा हे जास्त कामाला आलं, ते एक असो.

ताईंना मात्र वायफायच काढून टाकायचं होतं. मी नको म्हटलं. आमच्याकडे शाळा-कॉलेजात येऊन व्याख्यानं देणारे सरसकट सांगून जातात, काढून घ्या, बंद करा, पण ह्या मुलाला टोचणी लागली होती, आणि ती लागली असताना सगळं बंद केलं तर तो फक्त आईवर चिडला असता, त्या माणसाचा विषय तिथेच मिटला असता. टोचणी ही चांगली खूण असते. मला काळजी वाटते ती टोचणीच नसते तेव्हा, किंवा तेच हसणं घरात धाकट्या भावाला रडवून, मुक्या जनावराला त्रास देऊन येत असेल तेव्हा. तसं दिसलं तर गेम बाजूला ठेवा आणि मुलाला तज्ज्ञाकडे न्या.

घरी विचारायचं असेल तर चोर, गुंड असले शब्द आधी बाहेर ठेवा. तुझ्या गेममध्ये काय चालतं आणि काय चालत नाही, असं विचारा, पोरं तासभर सांगतात. मग, तुमच्यातलं कोणी कधी त्याच्याही पुढे गेलंय का, असं दुसऱ्यांबद्दल विचारा, स्वतःबद्दलचं आपोआप येतं. आणि तुमचंच मूल जर त्या लाइनच्या दुसऱ्या टोकाला असेल, म्हणजे त्याचं रेकॉर्डिंग फिरवतायत, धमक्या येतायत, तर स्क्रीनशॉट ठेवा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, आणि रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तू कशाला गेलास तिकडे, हा प्रश्न त्या वेळी नको.

मुलाने काय केलं ते त्याचं त्याने ठरवलं. माल परत केला नाही, तो जिंकलेला होता म्हणे, आणि मी पण आग्रह धरला नाही. त्या माणसाला लिहिलं की अकाउंट हॅक झालं नव्हतं, मी पहिल्यापासून हेरच होतो, चोरीबद्दल सॉरी नाही पण मी त्या रात्री लाइनवर होतो आणि हसलो त्याबद्दल सॉरी. रेकॉर्डिंग डिलीट करा म्हणून टोळीत भांडला, त्यांनी केलं नाही, मग ते त्याने सीसीपीकडे रिपोर्ट केलं आणि टोळी सोडली, त्याबद्दल त्यांच्या शिव्या अजून खातोय. ट्रकवाल्याचं उत्तर उशिरा आलं. हेर म्हणून काम चोख होतं, पण माझ्या बायकोचं नाव त्या पोरांना कोणी सांगितलं, एवढंच विचारलं होतं. ह्याने सांगितलं, मीच. त्यानंतर पुढे काही नाही.

सध्या तो दुसऱ्या एका कंपनीत आहे आणि नवीन येणाऱ्यांच्या मुलाखती घेतो, कारण हेर कसा बोलतो हे त्याच्याइतकं तिथे कोणाला कळत नाही. हे त्याने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं, आई शेजारीच बसली होती. सगळं ऐकून घेऊन ताईंनी विचारलं, "पगार देतत काय तेचो?"