सरकारचे कर्ज आणि तुमचा खिसा: वाचकांचे प्रश्न

यावेळच्या निम्म्या पत्रांत ‘तूट’ आणि ‘कर्ज’ एकच समजून प्रश्न विचारले आहेत. तूट म्हणजे त्या त्या वर्षी उत्पन्नापेक्षा जास्त झालेला खर्च, कर्ज आजवर साठलेले. तूट घटली तरी कर्ज वाढतच असते. आता पत्रे.

‘प्रत्येकाच्या डोक्यावर इतके कर्ज’ असा मेसेज फिरतोय. ते मला फेडावे लागेल का?

नाही. तो नुसता भागाकार आहे, आणि असले मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना मुदत संपलेले रोखे (सरकार कर्ज घेताना देते ते कागद) नवे रोखे काढून फेडतात हेही ठाऊक नसते. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटनचे उरलेसुरले युद्धकर्ज 2015 मध्ये फिटले. करदात्याला चटका बसतो तो व्याजाचा. 2024 या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या संघीय सरकारचा व्याजखर्च संरक्षणखर्चाच्या पुढे गेला.

जपानचे कर्ज अर्थव्यवस्थेच्या दुपटीहून जास्त, तरी काही होत नाही. श्रीलंका मात्र बुडाली. का?

जपानचे कर्ज येनमध्ये आहे आणि बहुतेक देशातल्याच संस्थांकडून घेतलेले आहे. श्रीलंकेला परकीय कर्ज फेडायला डॉलर हवे होते. ते संपले आणि एप्रिल 2022 मध्ये परकीय कर्जाची फेड थांबली.

कराचे दर वाढले नाहीत, पगार वाढला, तरी हातात कमी का उरते?

हा प्रश्न मला दर अर्थसंकल्पानंतर कोणीतरी विचारावा असे वाटते, पण सगळे दरच बघत बसतात. समजा, 100 पर्यंत कर नाही, त्यापुढच्या रकमेवर 20 टक्के. तुमचा पगार 100 चा 108 झाला आणि भावही आठ टक्क्यांनी वाढले. वरच्या आठावर 1.6 कर गेला, हाती उरले 106.4. गेल्या वर्षीच्या भावांत ते जेमतेम साडेअठ्ठ्याण्णव! दर तोच, पण कर वाढला, आणि त्यासाठी विधिमंडळात कोणाला हातही वर करावा लागला नाही. अमेरिकेत 1985 पासून संघीय प्राप्तिकराचे टप्पे, म्हणजे किती उत्पन्नापासून कोणता दर लागतो त्या मर्यादा, महागाईप्रमाणे सरकतात. ब्रिटनने करमुक्त मर्यादा 2021 पासून 12,570 पौंडांवर गोठवली आहे. शिवाय महागाईत सरकारच्या जुन्या, ठरावीक व्याजाच्या कर्जाचा भार आपोआप हलका होतो, आणि तेवढीच झीज ते रोखे धरून बसलेल्या बचतदाराची होते. म्हणून अर्थमंत्री ‘नवा कर नाही’ म्हणाले की टाळ्या वाजवण्याआधी टप्पे हलले का ते पाहा. तुमच्या पगारावर नेमका किती फरक पडला, हे कर सल्लागाराकडून आकडे मांडून घ्या.

सल्लागार म्हणतो, सरकारी रोखे बुडणार, सगळे सोन्यात घाला. योजना महिनाअखेर बंद होतेय.

त्याचे कमिशन किती, ते आधी विचारा. रोखे बुडतच नाहीत असे नाही; 2012 मध्ये ग्रीसच्या खासगी रोखेधारकांना दर्शनी किमतीतले निम्म्याहून जास्त सोडावे लागले. पण ‘महिनाअखेर’ ही विक्रीची युक्ती आहे. फक्त फी घेणाऱ्या, नोंदणीकृत सल्लागाराला दाखवल्याशिवाय सही करू नका.

सरकार पैसा उधळते, म्हणून निषेधार्थ दोन वर्षे विवरणपत्र भरलेले नाही. चालेल ना?

चालणार नाही. राग मतदानात काढा. इथे तुमचा निषेध कोणाच्या लक्षातही आला नसेल, दंड आणि व्याज मात्र चढत असेल. याच आठवड्यात कागद घेऊन कर सल्लागाराकडे जा, आणि नोटीस आली असेल तर तिचे उत्तर स्वतः लिहू नका.