लाकूड वाहणारी छोटी रेल्वे एवढा चढ कशी चढायची? (कॅसच्या गाडीबद्दल)

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत जंगलातून सॉ मिलपर्यंत ओंडके आणणाऱ्या ज्या छोट्या रेल्वे होत्या त्या डोंगरावर चढायच्या कशा, आणि त्यातली एखादी आता बघायला मिळते का. मिळते. वेस्ट व्हर्जिनियात कॅस नावाचं गाव आहे, तिथली अजून चालते, आणि मी बाबांना घेऊन तिथे जाऊन आलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झाले, त्यामुळे इंजिनाबद्दल जे लिहितोय ते बरंचसं त्यांनी मला तिथे उभ्या उभ्या समजावलेलं आहे.

आधी चढाचं बघू. आपल्या बोरघाटात चढ १:३७ चा, माथेरानच्या गाडीला १:२० पर्यंत जातो आणि तेवढ्यातही ती किती दमते ते आपण बघितलंय. कॅसला काही ठिकाणी ११ टक्के चढ आहे, म्हणजे साधारण नऊ फूट पुढे गेलं की एक फूट वर. आणि माथेरानसारखी दोन फुटी गाडी नाही ही, पूर्ण स्टँडर्ड गेज आहे, म्हणजे नेहमीच्या मोठ्या गाड्यांएवढे रुंद रूळ.

नेहमीचं वाफेचं इंजिन तिथे टिकतच नाही. त्याचे पिस्टन आडवे, ते दांड्यांनी मोठी चाकं फिरवतात, चाकं एका ताठ फ्रेममध्ये बसवलेली, त्यामुळे तीव्र वळणावर रूळ फाकतात, आणि टेंडरचं, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीचं, वजन नुसतं ओढत न्यावं लागतं. जंगलातले रूळ तर काय, झाडं तोडून झाली की उचलायचे आणि पुढच्या उतारावर टाकायचे, खाली धड खडीसुद्धा नसायची. मिशिगनमधला इफ्रेम शे नावाचा माणूस स्वतः लाकडाच्या धंद्यात होता, त्याला हीच अडचण होती, त्याने त्यावर वेगळंच इंजिन बनवलं आणि १८८१ साली पेटंट घेतलं. ओहायोतल्या लिमा कंपनीने १९४५ पर्यंत अशी पावणेतीन हजारांच्या आसपास इंजिनं बनवली.

शे इंजिन समोरून बघितलं की आधी वाटतं हे वाकडं झालंय. बॉयलर मध्यावर नाहीच, गाडी पुढे जाते त्या दिशेने बघितलं तर डावीकडे सरकवलेला. कारण उजव्या बाजूला उभे सिलिंडर आहेत, बहुतेक मोठ्या इंजिनांना तीन, आणि त्यांच्या खालून पुढपासून मागपर्यंत एक लांब शाफ्ट जातो, प्रत्येक चाकापाशी त्याला बेव्हल गिअर, म्हणजे काटकोनात फिरवणारं दातेरी चाक. म्हणजे वाफेने शाफ्ट फिरतो, शाफ्ट गिअर फिरवतो, गिअर चाक फिरवतं, आणि टेंडरच्या खालची चाकंसुद्धा फिरतात. बाबा खाली वाकून त्या दात्यांकडे किती वेळ बघत होते, मग म्हणाले, "हे बघ, एकही चाक फुकटचं बसलेलं नाही. सगळं वजन कामाला लावलंय." चाकं लहान आणि बोगीवर, म्हणजे खालच्या वळणाऱ्या चौकटीवर, बसवलेली, त्यामुळे वाकड्यातिकड्या रुळांवर ती आपापली वळतात. किंमत एकच, वेग नाही. आवाज ऐकला तर वाटतं मेल गाडी चाललीय, भकभकभक असा, आणि प्रत्यक्षात जेमतेम सायकलच्या वेगाने वर सरकतंय.

चढताना इंजिन खालच्या बाजूला असतं, डबे पुढे ढकलतं. कपलिंग तुटलंच तरी डबे मागे इंजिनावरच टेकतात, सुटून दरीत जात नाहीत. वाटेत दोन ठिकाणी झिगझॅग आहे, आपल्याकडे खंडाळ्याला जुनं रिव्हर्सिंग स्टेशन होतं ना, तसंच. तिथे गाडी पुढे जाऊन थांबते, काटा बदलतो, मग उलटी वर चढते, त्यामुळे त्या दोन झिगझॅगच्या मधल्या टप्प्यात इंजिन पुढे येतं आणि मग परत मागे जातं.

आता इतिहास. आधी इथला पांढरा पाइन ग्रीनब्रायर नदीतून तरंगत खाली न्यायचे, पण वर चीट डोंगरावरची लाल स्प्रूसची झाडं तशीच उभी होती. १९०० च्या शेवटी चेसापीक अँड ओहायो रेल्वेची शाखा नदीकाठाने कॅसपर्यंत आली, आणि १९०१ मध्ये एका कागद कंपनीने तिथून डोंगरावर स्वतःची लाइन टाकायला घेतली. स्प्रूसचा लगदा कागदाला चांगला, तो व्हर्जिनियातल्या कोव्हिंग्टनच्या कागद कारखान्यात जायचा, आणि बाकीचं लाकूड कॅसच्या मिलमध्ये कापायचे. भर धंद्याच्या दिवसांत मिल अकरा अकरा तासांच्या दोन शिफ्टमध्ये आठवड्याचे सहा दिवस चालायची, एका शिफ्टला सव्वा लाख बोर्ड फूट लाकूड. बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद आणि एक इंच जाड फळी. आता करा हिशोब. वर डोंगरात स्प्रूस नावाचं अख्खं गाव वसलं होतं, ३,८०० फुटांच्या वर, रस्ताच नाही, डॉक्टर असो की पिठाचं पोतं, सगळं रेल्वेनेच. आज तिथे गवत आहे.

जंगल संपत गेलं तसा धंदा उतरला. १९४२ मध्ये मिल आणि लाइन दुसऱ्या कंपनीने घेतली, १९६० मध्ये सगळं बंद पडलं. असल्या शेकडो लाइनींचं जे झालं तेच इथे होणार होतं, सगळं भंगारात, काम सुरूही झालं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या रसेल बॉम नावाच्या रेल्वेप्रेमी माणसाने राज्याच्या आमदारांच्या मागे लागून ते थांबवायला लावलं, राज्याने लाइन विकत घेतली आणि १९६३ मध्ये पहिली पर्यटकांची गाडी निघाली. ज्या ओंडके वाहणाऱ्या वाघिणी होत्या त्यांनाच बाकं आणि छप्पर बसवून डबे केले. मला सगळ्यात लागलेली गोष्ट अशी की ज्या मोठ्या रेल्वेच्या जिवावर ही लाइन आली, तिची नदीकाठची शाखा १९७८ मध्ये बंद पडली, कॅसपासून खाली नदीकाठाने तर तिच्या जागी आता सायकलचा रस्ता आहे, आणि जी फक्त झाडं संपेपर्यंत चालवायची म्हणून टाकली होती ती लाइन चालू आहे. १९०५ मध्ये याच कामासाठी आणलेलं ५ नंबरचं शे इंजिन तिथे आहे, आणि लिमाने बनवलेलं सगळ्यात शेवटचं, १९४५ चं, १६२ टनी, तेही.

मिल मात्र जळाली, नुसते अवशेष आहेत. कंपनीची कामगारांची पांढरी घरं आहेत, ती भाड्याने मिळतात, आम्ही त्यातच राहिलो. मोबाइलला रेंज मिळेल हे गृहीत धरू नका, शेजारी ग्रीन बँकची रेडिओ दुर्बीण आहे, आपल्या खोडदसारखी, त्यामुळे त्या भागात रेडिओ लहरींवर निर्बंध आहेत.

बॉल्ड नॉबपर्यंतचं तिकीट काढा, ते शिखर ४,८४२ फुटांचं आहे आणि गाडी त्याच्या जवळपर्यंत नेते, निम्म्यातून परत येणारी छोटी फेरी घेऊ नका. गॉगल लावा, कोळशाचे कण डोळ्यात जातात. आणि डब्यात बसायच्या आधी इंजिनाच्या उजव्या अंगाला जाऊन उभे राहा, गिअर तिकडेच आहेत.